वही, घुमट आणि फ्लॅश

आमच्या घरी चवथीला आरत्या सुरू झाल्या की आजोबांची वही मध्ये ठेवली जाते. काळ्या पुठ्ठ्याची, निळ्या शाईने लिहिलेली. एकूण सतरा आरत्या. त्यातल्या काही सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेल्या, काही मात्र फक्त आमच्या वाड्यावर म्हटल्या जाणाऱ्या. घुमट आणि शामेळावर त्या चढत गेल्या की वहीकडे कुणी बघत नाही, पण वही समोर नसली की तिसऱ्या कडव्याला सगळे एकमेकांकडे बघू लागतात.

गेल्या पावसात माडीवरच्या पेटीला वाळवी लागली. पेटी उघडली तेव्हा वहीची मागची पानं गेलेली होती. अकरा आरत्या शिल्लक, सहा गेल्या. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, त्या कम्प्यूटरात घातल्या होत्या ना?"

घातल्या होत्या खऱ्या. माझ्या मावसभावाने. तेव्हा तो पुण्याला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नवीन लागला होता आणि चवथीला घरी आला की जेवणाच्या पंगतीतही 'फ्लेक्स', 'सिल्व्हरलाइट' असलं काहीतरी बोलत असायचा. त्याने आजोबांच्या वहीचा एक प्रोग्राम केला होता. पान दिसायचं, बाजूला आरती वाजायची आणि जी ओळ म्हटली जात असेल ती पिवळी व्हायची. त्याची सीडी देवघराच्या खणात सापडली. सीडी लावायला घरात एकही यंत्र उरलं नव्हतं. बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्याकडून ड्राइव्ह मागून आणला. सीडीवर एकच फाइल. क्लिक केलं, तर कम्प्यूटर मलाच विचारतो, ही कशात उघडू?

मी कला शाखेचा पदवीधर, नोकरीने सरकारी कारकून. हा विषय माझा नव्हे. पण ज्या फाइलमध्ये आजोबांची सहा पानं अडकली आहेत, ती आली कुठून आणि मेली कशी, हे समजून घेतल्याशिवाय चैन पडेना. भावाला फोन करून, वाचून, विचारून जे कळलं ते इथे मांडतो. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आधी तो काळ आठवा. २००० च्या आसपास वेबसाइट म्हणजे कागदाची पानं होती. एक बटण दाबलं की सगळं पान पुसलं जायचं आणि नवं पान सावकाश वरून खाली उतरायचं. याउलट कम्प्यूटरवर बसवलेले प्रोग्राम चटपटीत. खेचा, सोडा, रंग बदला, लगेच होतं. पण ते प्रत्येक यंत्रावर वेगळे बसवावे लागत, आणि विंडोजचा प्रोग्राम मॅकवर चालत नसे. वेबची पोहोच आणि बसवलेल्या प्रोग्रामची चपळाई, दोन्ही एकत्र मिळालं तर? या एका प्रश्नामागे जगातल्या मोठ्या कंपन्या दहा-बारा वर्षं धावल्या. २००२ साली मॅक्रोमीडिया कंपनीने त्याला नाव दिलं, 'रिच इंटरनेट अ‍ॅप्लिकेशन'. आपल्या भाषेत श्रीमंत म्हणा, भरजरी म्हणा.

या भरजरी कपड्याचा पहिला धागा मात्र वेबसाठी कातलेलाच नव्हता. जोनाथन गे नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९९३ साली चार्ली जॅक्सन यांच्याबरोबर फ्यूचरवेव्ह नावाची छोटी कंपनी काढली. त्यांनी केलं ते 'स्मार्टस्केच', पेनने पडद्यावर चित्र काढण्याचं सॉफ्टवेअर. पेनवर चालणारे कम्प्यूटर घराघरांत येणार अशी तेव्हा हवा होती. ते आले नाहीत. ज्या यंत्रणेसाठी स्मार्टस्केच लिहिलं तीच १९९४ साली बंद पडली. मग त्यांनी तेच सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकवर आणलं, आणि लोकांच्या सांगण्यावरून त्यात हलती चित्रं घातली. १९९६ साली ते 'फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर' म्हणून बाजारात आलं. डिस्नी आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवर ते वापरलं गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॅक्रोमीडियाने कंपनी विकत घेतली आणि नाव आखडून केलं 'फ्लॅश'.

यातली गंमत अशी की फ्यूचरवेव्हने आधी हे तंत्र अ‍ॅडोबीला विकायचा प्रयत्न केला होता. अ‍ॅडोबीने नको म्हटलं. २००५ साली त्याच अ‍ॅडोबीने सुमारे ३.४ अब्ज डॉलर मोजून अख्खी मॅक्रोमीडिया घेतली!

फ्लॅश चाललं कारण ते हलकं होतं. चित्र ठिपक्यांनी न साठवता रेषांच्या गणिताने साठवायचं, म्हणजे फाइल छोटी, आणि टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या काळच्या इंटरनेटवरही उतरायची. मग त्यात खेळ आले, आवाज आला, व्हिडिओ आला. २००५ साली यूट्यूब सुरू झालं तेही फ्लॅशच्याच खांद्यावर. पण फ्लॅश हे मुळात चित्रकाराचं अवजार. त्यात पडद्यावर फ्रेम्स असत, सिनेमासारख्या. प्रोग्रामर मंडळींना त्यात फॉर्म, यादी, तक्ता बनवायचा म्हणजे सुताराला रंगाऱ्याचा कुंचला दिल्यासारखं व्हायचं. म्हणून २००४ साली मॅक्रोमीडियाने 'फ्लेक्स' आणलं. बटण कुठे, चौकट कुठे, हे खुणांच्या भाषेत लिहायचं, हिशेब अ‍ॅक्शनस्क्रिप्टमध्ये लिहायचा, आणि तयार झालेली फाइल फ्लॅशमध्ये चालवायची. सुरुवातीला ते बड्या कंपन्यांनाच परवडेल असं होतं. २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्याचा मूळ संच फुकट मिळू लागला, आणि २५ फेब्रुवारी २००८ रोजी तिसरी आवृत्ती आली ती थेट मुक्तस्रोत म्हणून. त्याच दिवशी आलं 'एअर', म्हणजे फ्लॅशमधलं काम ब्राउझरच्या बाहेर काढून कम्प्यूटरवर स्वतंत्र प्रोग्रामसारखं चालवण्याची सोय. आमच्या सीडीवरची फाइल ती ही.

त्या वर्षी भाऊ चवथीला आला तेव्हा त्याच्याकडे एक वही होती, हिशेबाच्या वहीसारखे रकाने आखलेली. एकेका रकान्यात एकेक अवजार. मायक्रोसॉफ्टने २००६ साली विंडोजसाठी नवी चित्रप्रणाली काढली होती आणि २००७ साली तिचंच धाकटं भावंड 'सिल्व्हरलाइट' वेबसाठी आणलं होतं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकचे सामने अमेरिकेत इंटरनेटवर दाखवायला एनबीसीने तेच वापरलं. जावाच्या सन कंपनीने 'जावाएफएक्स'ची घोषणा केली होती. लास्लो नावाच्या कंपनीने आपलं अवजार २००४ सालीच मुक्त करून टाकलं होतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाची स्वतःची वेगळीच खुणांची भाषा होती. आणि शेवटच्या रकान्यात, पेन्सिलने, 'नुसता ब्राउझर'.

हा शेवटचा रकाना तेव्हा कुणी मनावर घेत नव्हतं. पण खरं नाट्य तिथेच घडत होतं. पान न पुसता मागच्या मागे माहिती आणायची युक्ती मायक्रोसॉफ्टनेच १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये ठेवली होती, आपल्या ईमेलच्या सोयीसाठी. पुढची काही वर्षं ती कोपऱ्यात पडून राहिली. २००४ साली जीमेल आलं, २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं, आणि लोक नकाशा बोटाने ओढल्यासारखा सरकवू लागले, तोही कुठलंही प्लगइन न बसवता. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिलं. घरातल्याच विहिरीत पाणी होतं, आणि मंडळी गावभर टँकर शोधत होती.

भावाने तरी एअर निवडलं. कारणं साधी होती. बाबांच्या जुन्या विंडोज एक्सपीवर चालेल, आवाज आणि चित्र एकत्र सांभाळता येईल, आणि इंटरनेट नसलं तरी चालेल. चवथीच्या आदल्या रात्री त्याने मला दाखवलं. आरती वाजली, पान आलं, आणि बाजूला अक्षरं उमटली. मी बघतच राहिलो.

"दादा, काय झालं?"

"अरे, 'विघ्न' बघ ना."

'विघ्न'मधली वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर आली होती, 'घ'चा पाय मोडलेला उघडा दिसत होता आणि 'न' बाजूला एकटा उभा. विघ्नहर्त्याच्या आरतीत हेच विघ्न!

याचं कारण त्याने मला समजावलं ते असं. इंग्रजीत एक अक्षर, एक आकार, एकापुढे एक मांडत गेलं की झालं. देवनागरीत तसं नाही. कम्प्यूटरात आधी 'व' आणि मग वेलांटी साठवली जाते, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरात दोन अक्षरांचा मिळून तिसराच आकार होतो. हे नियम फॉण्टमध्ये लिहिलेले असतात, पण ते वाचणारा कुणीतरी लागतो. विंडोजजवळ तो होता. म्हणून विंडोजचा फॉण्ट वापरला की बरं दिसायचं. पण आपला फॉण्ट प्रोग्राममध्ये बांधून दिला, की सगळं काम फ्लॅशच्या स्वतःच्या जुळाऱ्याकडे जायचं, आणि त्या जुळाऱ्याला देवनागरी येत नव्हती. भरजरी अवजार, कोट्यवधी कम्प्यूटरांवर बसलेलं, पण मराठीची एक वेलांटी जागेवर ठेवता येईना.

हे ऐकताना मला आपल्या गोव्याचीच एक जुनी गोष्ट आठवली. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इथे आले, इथली भाषा शिकले, तिच्यावर त्यांनी जीव लावला आणि ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मराठी काव्य, पण छापलं रोमन लिपीत. का? त्याचं उत्तर त्यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांना रोमला पाठवलेल्या पत्रात आहे. इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. पण युरोपला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात आणि इथे सहाशेच्या घरात करावे लागतील, ते अशक्य वाटतं, अशी अडचण त्यांनी मांडली. आपल्या प्रियोळचे अ. का. प्रियोळकर यांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावर १९५८ साली ग्रंथ लिहिला. त्यात हा सगळा भाग मुळातून वाचण्यासारखा आहे.

चारशे वर्षांचं अंतर, पण अडचण तीच. अवजार दुसऱ्याच्या लिपीसाठी घडलेलं आणि आपली भाषा त्यात अंग चोरून बसलेली. स्टीफन्स यांनी लिपी बदलली. आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात दुसरा मार्ग काढला होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉण्ट वापरायचे. दिसायला मराठी, आत इंग्रजीचा कचरा. तो फॉण्ट गेला की पानभर निरर्थक खुणा. आमच्या कचेरीत अशा फाइली अजून निघतात.

ऑक्टोबर २००८ मध्ये फ्लॅश प्लेयर १० आला, त्यात अक्षरजुळणीचं नवं यंत्र होतं. अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या आणि आपल्यासारख्या जोडाक्षरी लिप्यांची त्याला जाण होती. पुढच्याच महिन्यात ते एअरमध्येही आलं. २००९ च्या चवथीला भावाने नवी सीडी आणली. 'विघ्न' जागेवर आलं होतं. आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी चष्मा पुसून आपल्याच अक्षरातलं पान पडद्यावर पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "शाई बरी दिसते."

मराठीला फ्लॅशमध्ये नीट जागा मिळाली आणि तिथूनच फ्लॅशची घसरण सुरू झाली. आपलं नशीब म्हणा. आयफोन २००७ साली आला तोच फ्लॅशशिवाय. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्याची कारणं दिली. हे एकाच कंपनीच्या मुठीत आहे, बॅटरी खातं, सुरक्षित नाही, आणि उंदरासाठी बनलंय, बोटासाठी नाही. पत्रात त्यांचा व्यापारी स्वार्थ होताच. तरी मुद्दे सगळेच खोटे नव्हते. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने मोबाइलच्या ब्राउझरसाठी फ्लॅश थांबवत असल्याचं सांगितलं आणि त्याच महिन्यात फ्लेक्स अपाची या मुक्तस्रोत संस्थेकडे सोपवायचं ठरवलं. वर्षानुवर्षं त्यात काम केलेल्या लोकांना एका आठवड्यात कळलं की आपलं कसब आता जुनं झालं. भाऊ त्यातलाच एक. त्यानंतर तो घरी आला तेव्हा गप्प होता, आणि रात्री जागून पुन्हा पहिलीपासून जावास्क्रिप्ट शिकत होता.

२०१७ मध्ये शेवटची तारीख जाहीर झाली, ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरनेच मजकूर दाखवायला नकार दिला. सिल्व्हरलाइट त्याच्या आधीच निपचित होतं, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचाही आधार संपला. जिंकला तो पेन्सिलने लिहिलेला शेवटचा रकाना. २०१४ मध्ये एचटीएमएल ५ अधिकृत झालं. चित्र, आवाज, हालचाल सगळं ब्राउझरच्या पोटात आलं. आणि डेस्कटॉपचं स्वप्न? गिटहबने २०१३ साली आपल्या संपादकासाठी एक सांगाडा बनवला. तो पुढे 'इलेक्ट्रॉन' नावाने पसरला. आज कचेरीत वापरली जाणारी कितीतरी सॉफ्टवेअरं म्हणजे आत दडवलेला एक अख्खा ब्राउझरच असतो. एअरने जे सांगितलं तेच, फक्त धागा वेगळा.

असो. आमच्या सहा पानांचं काय झालं?

भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो हसला. "दादा, त्या फाइलचं नाव बदल. शेवटी एअर आहे ना, ते खोडून झिप लिही." लिहिलं. फाइल पिशवीसारखी उघडली. आत आरत्यांचा आवाज, साध्या एमपीथ्री फाइलींत, सगळ्या वाजतात. मजकुराची एक वेगळी फाइल, युनिकोडमध्ये. ती मी नोटपॅडमध्ये उघडली आणि आजोबांच्या आरत्या सरळ मराठीत समोर उभ्या राहिल्या. मोजल्या. अकरा. पहिल्या अकराच. भावाने तेव्हा तेवढ्याच टंकल्या होत्या, "पुढच्या वर्षी उरलेल्या करू" म्हणून. पुढचं वर्ष राहून गेलं होतं.

आवाजातही तेवढ्या अकराच. उरलेल्या सहा पानांचे फक्त फोटो, तेही प्रोग्रामच्या आत शिवलेले. त्यासाठी मी फाइल त्याला पाठवली. अ‍ॅडोबीने मे २००८ मध्ये फ्लॅशच्या फाइलची आतली रचना कुणालाही वापरायला मोकळी केली होती. त्यामुळे ती उसवणारी फुकट अवजारं लोकांनी बनवून ठेवली आहेत. त्याच रचनेच्या आधारे रफल नावाचं सॉफ्टवेअर तयार होत आहे आणि ते वापरून इंटरनेट आर्काइव्हने २०२० च्या नोव्हेंबरपासून जुने फ्लॅश खेळ पुन्हा चालते केले. कंपनीने कुलूप काढून ठेवलं होतं म्हणून घर उघडता आलं. रात्री साडेदहाला सहा फोटो माझ्या मोबाइलवर आले. निळी शाई तशीच.

एका पानावर आजोबांचा अंगठा आला आहे. फोटो काढताना त्यांनी वही धरली होती.

क्रिस्तपुराण सतराव्या शतकात तीनदा छापलं गेलं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकलं ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. त्यातली एक देवनागरी नक्कल लंडनला निघाली. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं तेही हस्तलिखितांच्या आधारानेच. मला यातून एवढंच कळलं की अवजार कितीही भरजरी असो, त्याच्यावर विसंबून मूळ मजकूर त्याच्या आत शिवू नये. मजकूर वेगळा, साधा आणि आपल्याच लिपीत ठेवावा. कपडा विरतो.

मी बाजारातून दोनशे पानी वही आणली आहे. सतराही आरत्या हाताने उतरवून झाल्या. कम्प्यूटरवरही टंकल्या, नुसत्या मजकुराच्या फाइलीत, पिवळी ओळ वगैरे काही नाही. सहापैकी एका आरतीची चाल घरात कुणालाच आठवत नाही. शेजारच्या वाड्यावर एक म्हातारे घुमट वाजवणारे आहेत. चवथीच्या आधी त्यांच्याकडे जायचं आहे, मोबाइल चार्ज करून.